दादांची बुलेट

दादा थकले आणि त्यांची १९७८ सालची बुलेट माझ्याकडे आली. दादा सहा फूट उंच; मी त्यांच्या खांद्याएवढा. हँडल धरताना मला ओणवे व्हावे लागे आणि सारा भार मनगटांवर येई. इंदूरहून खंडव्याकडे जाताना भेरूघाटाच्या एका वळणावर ताठरलेल्या हातांनी गाडी वळेना. मी थेट कडेच्या खडीत गेलो. तरीही दादांनी बसवलेल्या हँडलाला हात लावण्याचे धैर्य होईना.

अखेर त्यांनीच ओळखले. अंगणात खुर्ची टाकून म्हणाले, "पाने आण. माझ्या मापाचा सदरा तू घालतोस का?"

क्लॅम्पचे बोल्ट सैल करून मी हँडल किंचित मागे फिरवले. मनगट सरळ राहील अशा बेताने ब्रेक व क्लचचे लिव्हर वळवले. बोल्ट आवळल्यावर दादांनी हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून केबल ताणत नाही ना, हे पाहायला लावले.

"भार पायांवर घे, कोपरे सैल ठेव आणि वळणापलीकडे पाहा," एवढेच ते बोलले.

पुढच्या रविवारी तोच घाट मी उतरलो. मनगटे दुखली नाहीत. परतलो तेव्हा दादा फाटकाशीच उभे होते.