पाच बाटल्या आणि निवृत्त दुय्यम निरीक्षक

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरात क्रूझवरून उतरताना बाटल्यांना दोन नाके ओलांडावे लागतात. पहिला अमेरिकेचा, म्हणजे कस्टम्सचा. दुसरा टेक्सास राज्याचा. पहिला ठाऊक असतो. दुसरा दिसला की नवखे लोक गोंधळतात, काही चिडतात. माझे सासरे मात्र तो दुसरा नाका बघून जितके खूश झाले तितके मेक्सिकोतल्या कोझुमेलचा निळा समुद्र बघूनही झाले नव्हते.

बाबा महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क खात्यातून दुय्यम निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली काही वर्षं त्यांनी इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर काढली. मुंबई-गोवा महामार्गावर बांद्याजवळचा हा नाका. ‘गोवा बनावटीच्या दारूसह लाखोंचा मुद्देमाल जप्त’ ही बातमी सिंधुदुर्गात कुणी आता नीट वाचतसुद्धा नाही, इतकी ती नेहमीची. मासळीच्या क्रेटखाली, टेम्पोच्या चोरकप्प्यात, नारळाच्या पोत्यांत, कुठं कुठं बॉक्स सापडले याच्या गोष्टी बाबांकडे भरपूर आहेत, आणि आईंनी त्या सगळ्या पुरेशा ऐकलेल्या आहेत.

आई-बाबा कुडाळहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. गॅल्व्हेस्टन आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळं मेक्सिकोची छोटी क्रूझ हे इथल्या देशी कुटुंबांचं पाहुण्यांना फिरवायचं ठरलेलं ठिकाण. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. परत शिरायला तो अनेकदा प्रवेश देणारा असावा, एवढं बघायचं.

जहाजावर आमच्या टेबलाला वाढणारा मुलगा गोव्यातल्या पेडण्याचा निघाला. बाबांनी लगेच सांगितलं, “मी इन्सुलीच्या नाक्यार होतंय.” तो दचकला, मग हसला. “काका, कितीदा डिकी उघडून दाखवलीय तिथं!” दोघांची अशी गट्टी जमली की आम्हाला रोज न मागता दुसरं गोड यायला लागलं.

कोझुमेलला टकिलाच्या दुकानात चाखायला छोटे छोटे प्याले देतात. दुकानदार सांगत होता की बाटलीवर ‘१०० टक्के अगावे’ (टकिला ज्या वनस्पतीपासून बनते ती) लिहिलेलं बघून घ्या. तसं नसेल तर कायद्यानं निम्म्याहून थोडीच जास्त साखर अगावेची असली तरी चालते, बाकीची दुसरी कुठली. चव मी घेतली, नवऱ्यानं घेतली. बाबांनी आधी बाटली उलटी करून सील बघितलं, लेबलाची कड नखानं तपासली, उजेडात धरून पातळी बघितली, आणि मग प्याला तोंडाला लावला. दुकानदाराला वाटलं असणार की मोठं गिऱ्हाईक आलं.

खरेदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नेहमीच्या ब्रँडची व्हिस्की किंवा व्होडका जहाजावरच्या ड्युटी-फ्री दुकानातून घेण्यात काही अर्थ नाही. ह्यूस्टनच्या मोठ्या दुकानात ती बऱ्याचदा त्याहून स्वस्त पडते. आणायचं ते इथं सहज न मिळणारं. युकातानमध्ये श्ताबेंतून नावाचं एक मध आणि बडीशेपेच्या चवीचं गोड मद्य मिळतं, ते मला हवं होतं. नवऱ्याला टकिला. बाबांना टकिलाच, पण वेगळ्या जातीची. शेवटी एक श्ताबेंतून ७५० मिलिलिटरची आणि टकिलाच्या लिटरच्या चार, अशा पाच बाटल्या झाल्या. जहाजावर परत चढताना त्या एक्स-रेमध्ये दिसतात, तिथंच काढून घेतात, पावती देतात आणि शेवटच्या संध्याकाळी खोलीवर आणून देतात. दारू विकूनच जहाज कमावतं, मग तुमची तुम्हाला खोलीत कशी पिऊ देतील!

त्या संध्याकाळी पाचही बाटल्या पलंगावर मांडून हिशोब सुरू झाला. अमेरिकेचा नियम असा की २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला १ लिटर करमुक्त. (व्हर्जिन आयलंड्ससारख्या अमेरिकेच्याच बेटांवरून आलात तर जास्त.) पाहुण्यांनाही तेवढंच. आम्ही चार मोठी माणसं, म्हणजे ४ लिटर.

“म्हणजे माझ्या नावावर दारू?” आईंनी विचारलं.

आईंनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. संकष्टी करणारी बाई. नवरा म्हणाला, “अगं आई, फक्त कागदावर.” “कागदावरच तर नको,” त्या म्हणाल्या. यावर बाबा जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, “तिचं बरोबर आहे. ज्याच्या नावावर बाटली, त्याच्या हातात बाटली. उगाच दुसऱ्याच्या नावावर खपवायचं नाही.” शेवटी आईंनी त्यांच्या भावासाठी एक टकिला न्यायची ठरवली. मग ती त्यांचीच झाली, आणि त्यांनी ती स्वतःच्या शालीत गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

सकाळी कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट बघितले आणि काय आणलंय विचारलं. नवऱ्यानं पाचही बाटल्या सांगितल्या, पाऊण लिटर जास्त आहे हेही सांगितलं. त्यावर साधारण तीन टक्के शुल्क आणि बाटलीमागे दोन-तीन डॉलर कर लागू शकतो. अधिकाऱ्यानं हातानंच ‘जा पुढे’ म्हटलं. हे नेहमीच होईल असं नाही, पण सांगितलेल्या एखाददुसऱ्या बाटलीसाठी ते सहसा कागद काढत बसत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष फळांकडे. आईंच्या पर्समध्ये जहाजावरचं सफरचंद निघालं, तेवढं मात्र तिथल्या तिथं डब्यात गेलं. दारूनं गावची बाग मरत नाही, सफरचंदातल्या किडीनं मरू शकते, हे त्यामागचं गणित.

तिथून पुढं, सामान घेऊन बाहेर पडायच्या वाटेवर, टेक्सासच्या मद्य आयोगाचा काउंटर. इथं ती १ लिटरची सवलत नाही. बाटली ड्युटी-फ्रीमधली असो वा कोझुमेलची, प्रत्येकीमागे ३ डॉलर शुल्क आणि वर राज्याचा कर. तो टकिलासारख्या मद्याला गॅलनला २ डॉलर ४० सेंट, म्हणजे लिटरला ६०-६५ सेंट. टेक्सासमध्ये राहणाऱ्यानं तीस दिवसांत एका गॅलनपेक्षा जास्त असं मद्य आणायचं नाही. २१ वर्षांखालच्यानं आणि प्यायलेल्या माणसानं काहीच आणायचं नाही. पैसे भरायचे नसतील तर बाटली तिथंच सोडून द्यायची. आमच्या पुढचा एक माणूस ‘ड्युटी-फ्री म्हणजे फ्री’ असा वाद घालत होता. काउंटरवरच्या बाईंनी तो न चिडता ऐकून घेतला आणि कार्डाचं मशीन पुढं सरकवलं.

“एका देशात दोन नाके कशाला?” आईंनी विचारलं. ह्यूस्टनला आल्यावर मी हे वाचलेलं होतं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीतच लिहिलंय की एखाद्या राज्याच्या कायद्याविरुद्ध त्या राज्यात दारू आणायला मनाई आहे. म्हणून देशानं सोडलं तरी राज्य अडवू शकतं. बाबांना हे समजावून सांगावंच लागलं नाही. “आपल्यासारखंच. राज्यसूचीतला आठवा विषय,” ते म्हणाले.

आणि गॅल्व्हेस्टन तर त्या बंदीच्या काळात दारूच्या चोरट्या आयातीसाठी प्रसिद्ध. किनाऱ्यापासून लांब समुद्रात जहाजं उभी असायची, रात्री होड्या माल उतरवायच्या. सॅम आणि रोझ मॅसिओ हे सिसिलीहून आलेले न्हावी भाऊ, त्यांनी गिऱ्हाइकांना वाइन देत देत धंद्यात शिरून सगळं गाव हाताशी धरलं. त्यांचा बॅलिनीज रूम नावाचा जुगाराचा क्लब समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर होता. छापा आला की पोलिसांना लांबलचक धक्का चालत यावं लागायचं, तोवर आतलं सगळं आवरलेलं. १९५७ मध्ये त्या धंद्यावर शेवटची मोठी कारवाई झाली आणि २००८ च्या आइक वादळात इमारतही गेली. हे ऐकताना बाबा मध्येच म्हणाले, “चालत का गेले? होडीनं मागून जायचं.”

रांग पुढं सरकली. काउंटरवर आईंनी शालीतून बाटली काढून ठेवली. कपाळावर टिकली, अंगात स्वेटर, पायात पांढरे बूट, आणि समोर लिटरभर टकिला. पलीकडच्या बाईंनी पासपोर्टवरची जन्मतारीख बघितली आणि फार सुंदर बाटली निवडलीत म्हणाल्या. आईंनी थँक्यू म्हटलं. पाच बाटल्यांचे मिळून वीस डॉलरच्या आत झाले.

बाबा पावती हातात धरून पार्किंगपर्यंत चालले. गाडीत बसल्यावर म्हणाले, “तीन डॉलरसाठी कोण चोरकप्पा करील? आमच्याकडे गोव्याच्या बॉक्समागे किमतीत एवढा फरक पडतो की माणूस चोरकप्पा करणारच. वर पोरांना नोकरी नाही. गाडीसकट जी पोरं पकडायचो त्यांच्यात बॉक्सचा मालक क्वचित असायचा.” नाक्याबद्दल ते असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. नवऱ्यानं विचारलं, मग इन्सुलीला असा काउंटर टाकला तर? त्यावर बाबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “रांग बांद्याच्या बाजारात जाईल.”

परत जाताना आई-बाबांनी एकेक बाटली नेली. भारतात माणशी २ लिटर चालतात, त्यामुळं मुंबईला ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर. तिथून विमानानं गोव्यातलं मोपा आणि टॅक्सीनं कुडाळ, म्हणजे वाटेत इन्सुली आलंच. हवालदार नवा होता, बाबांना ओळखत नव्हता. बाबांनी काच खाली करून स्वतःच सांगितलं, दोन बाटल्या आहेत. “गोव्याच्या?” “मेक्सिकोच्या.” तो हसला आणि गाडी सोडली.

रात्री बाबांचा फोन आला तेव्हा ते वैतागलेले होते. “सीट उचलून बघितली नाही, डिकी उघडली नाही. दारूचा आजन्म परवाना माझ्या खिशात आहे, टेक्सासची पावती आहे, आणि त्यानं काही म्हणजे काही विचारलं नाही!”