सुतळीच्या गोळ्यापर्यंत

परदेशी गेलेल्या माणसाने तिथली संग्रहालयं, राजवाडे, स्मारकं बाजूला ठेवून सुतळीचा गोळा बघायला जावं का? अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात कॉकर सिटी नावाचं गाव आहे, वस्ती पाचशेच्या आतली. गावातून जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला एक उघडी शेड आहे आणि तिच्याखाली माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर जाणारा सुतळीचा गोळा आहे. फ्रँक स्टोबर नावाच्या शेतकऱ्याने शेतावर उरणारे सुतळीचे तुकडे १९५३ मध्ये गुंडाळायला सुरुवात केली. १९६१ मध्ये त्याने तो गोळा गावाला देऊन टाकला, १९७४ मध्ये तो वारला, आणि गाव अजून गुंडाळतं आहे. दर ऑगस्टमध्ये त्यासाठी लोक जमतात. एरवी आलेल्या पाहुण्यालाही चार हात सुतळी गुंडाळू देतात. असा गोळा बघायला वाट वाकडी करून जाण्यात काहीतरी खरं आहे, असं मला वाटत आलं आहे. ते काय आहे, हे मात्र सांगू गेलं की हातातून निसटतं.

पहिला आक्षेप घरातूनच येतो आणि तो हलका नाही. व्हिसाच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबायचं, तिकिटाचे पैसे साठवायचे, गुडघ्यांच्या गोळ्या मोजून बरोबर घ्यायच्या, आणि एवढं सगळं करून सुतळी बघायची? ती तर बोहरी आळीत मिळते. मुलाकडे चार-सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांची शनिवार-रविवारची यादी ठरलेली असते: नायगारा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, व्हाइट हाउसचं कुंपण, लास वेगासचे दिवे, ग्रँड कॅन्यन. या यादीला नावं ठेवण्याचं कारण नाही. नायगारा थोर आहेच. पण तो आपल्याकडे आपल्या आधी येऊन गेलेला असतो. कॅलेंडरवर, सिनेमात, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये तो इतक्यांदा पाहिलेला असतो की प्रत्यक्ष कठड्याशी उभं राहिल्यावर माणूस मनातल्या चित्राशी ताळा जमतो का, एवढंच तपासतो. जमला की समाधान, आणि मग फोटो. सुतळीच्या गोळ्याचं चित्र मनात आधी कुणी काढून ठेवलेलं नसतं, कसं बघायचं हेही कुणी शिकवलेलं नसतं. तिथे डोळ्यांना स्वतःच काम करावं लागतं.

इथे ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आडवी येते. आपण ती बहुतेक वेळा लगाम म्हणून वापरतो. मुलगा परदेशातल्या नोकरीची स्वप्नं सांगू लागला, कुणी दुसऱ्याच्या संसाराचं कौतुक करू लागलं, की घरातलं वडीलधारं माणूस ती म्हण पुढे करतं आणि विषय संपतो. पण म्हणीला नीट विचारलं तर ती जाऊ नका असं कुठेच म्हणत नाही. उलट, ती पहिल्यांदा ज्याने म्हटली तो डोंगरावर जाऊन आलेला असणार. त्याशिवाय जवळच्या दगडधोंड्यांची, करवंदीच्या काट्यांची तक्रार त्याला कशी करता येईल? म्हणजे ही जाऊन आलेल्याची म्हण आहे आणि आपण ती न गेलेल्यांना थांबवायला वापरतो. शिवाय तिने एक गोष्ट धरून चाललेली आहे, की लांबून बरं दिसतं आणि जवळून मन मोडतं. सुतळीच्या गोळ्यापाशी हे नेमकं उलटं होतं. लांबून, म्हणजे नुसतं ऐकून, तो क्षुल्लक वाटतो. जवळ गेलं की वाळलेल्या गवतासारखा रंग दिसतो, टोकं बाहेर काढून बसलेले राठ तंतू दिसतात, आणि जागोजागी गाठी. प्रत्येक गाठ कुणीतरी बोटांनी मारलेली.

मिनेसोटातल्या डार्विन गावात असाच दुसरा गोळा आहे. तो फ्रान्सिस जॉन्सन या एकट्या माणसाचा. त्याने १९५० मध्ये सुरुवात केली आणि एकोणतीस वर्षं तो गुंडाळत राहिला. गोळ्याचा व्यास १२ फूट, वजन १७,४०० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे ७,९०० किलो. इतका जड गोळा हाताने फिरत नाही आणि एकाच बाजूने गुंडाळत गेलं तर तो वेडावाकडा वाढतो. म्हणून जॉन्सन रेल्वेचे जॅक लावून तो उचलायचा आणि खालच्या बाजूलाही सारखी सुतळी बसेल असं बघायचा. ही गोष्ट कळल्यावर गोळा मोठा आहे हे मागे पडतं आणि तो गोल आहे याचं नवल वाटू लागतं. कुणी सांगितलेलं नसताना, कसलीही गरज नसताना, एका माणसाने तो गोल राहावा म्हणून आठ टनांच्या आसपासचं ओझं पुन्हा पुन्हा उचललं. मिडवेस्टमधले लांब हिवाळे, एकट्याने करायची शेती, हातांना रिकामं बसू न देण्याची तिथली रीत, यांबद्दल हा आकार जे सांगतो ते वॉशिंग्टनमधला संगमरवर सांगू शकत नाही.

म्हणीला मात्र अजून सोडवत नाही. महाबळेश्वरला इंग्रजांनी डोंगर बघण्याच्या जागा नेमून दिल्या आणि त्यांना आपल्या माणसांची नावं दिली: आर्थर सीट, एलफिन्स्टन पॉइंट, विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट. पॉइंट म्हणजे ती म्हण दगडी कठड्यात पक्की करून टाकणं. डोंगर साजरा दिसेल इतक्या अंतरावर माणसाला उभं करायचं आणि पुढे जाऊ द्यायचं नाही. आपण ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं की आजही गाडी पॉइंटवर थांबते, भाजलेलं कणीस घेतलं जातं, दुर्बिणीतून दरी बघितली जाते आणि गाडी पुढच्या पॉइंटला निघते. पण आर्थर सीटखालच्या सावित्रीच्या खोऱ्यातही गावं आहेत. तिथल्या माणसाला डोंगर साजरा की ओबडधोबड हा प्रश्न पडत नाही; पाऊस सुरू व्हायच्या आत सरपण घरात यायला हवं, हा पडतो. त्याला पॉइंट नाही. म्हणजे ही म्हण सपाटीवरच्या माणसाची आहे, तीही डोंगरावर जाऊन परत सपाटीवर आलेल्याची. डोंगरात राहणाऱ्याने ती कधीच केली नसती. प्रवासी कितीही जवळ गेला तरी परतीचं तिकीट खिशात ठेवूनच जातो, आणि त्या तिकिटाने त्याची नजर बदलते का, हे मला टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. रस्त्याकडेच्या या गमती गिऱ्हाईक अडवायला उभ्या केलेल्या असतात, त्यात कसली लोककला, असं कुणी म्हणेल. बऱ्याच ठिकाणी ते खरं आहे. साउथ डकोटातल्या वॉल गावात टेड हस्टेडने १९३१ मध्ये औषधाचं दुकान घेतलं. ते चालेना, तेव्हा १९३६ मध्ये त्याची बायको डोरोथी हिने उन्हातून जाणाऱ्या गाड्यांसाठी फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या लावायला सुचवलं, आणि गाड्या थांबू लागल्या. न्यू जर्सीत समुद्रकाठी लूसी नावाचा सहा मजली लाकडी हत्ती आहे, पत्र्याने मढवलेला. जेम्स लॅफर्टीने तो १८८१ मध्ये बांधला तो जमिनीचे प्लॉट विकायला. पण पुढे काय झालं तेही बघायला हवं. हत्ती मोडकळीला आला तेव्हा गावातले लोक एकत्र आले, त्यांनी निधी जमवला, १९७० मध्ये तो उचलून दुसऱ्या जागी नेला, आणि १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. धंद्यात सुरू झालेली वस्तू जिव्हाळ्याची होऊ शकते. आपल्याकडच्या किती देवस्थानांच्या जत्रा बाजार म्हणून वाढल्या, आणि म्हणून त्यांतली भक्ती खोटी ठरली का? कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्गने १९३९ च्या आपल्या निबंधात उथळ कलेवर असा आरोप केला होता की ती गिऱ्हाइकाकडून फक्त पैसे मागते, वेळसुद्धा मागत नाही. कॉकर सिटीचा गोळा पैसे मागतच नाही. तो मागतो तो वेळ, कारण तो कुठल्याही मोठ्या शहराच्या वाटेवर नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. असं बघायला जाणारा पुष्कळदा हसायला जातो. दुसऱ्याची आवड गावंढळ आहे हे बघून आपली आवड किती वरची, याची खात्री करून घ्यायला जातो. त्यावर एक कसोटी सुचते: हीच नजर आपण आपल्याकडच्या अशा जागांवर टाकतो का? कोल्हापूरजवळ कणेरी मठात सिमेंटच्या माणसांचं अख्खं खेडं उभं केलं आहे, मोट, सुतारकाम, बैलगाडी सगळं माणसाच्या मापाने. गोव्यात लोटलीला जांभ्या दगडात कोरलेली मीराबाई आडवी पसरली आहे. शाळेच्या सहली तिथे जातात, आजी नातवाला नांगर दाखवते, तिला खाली ओळही वाचावी लागत नाही. शहरी, इंग्रजी वाचणारा मराठी माणूस मात्र कणेरीला नाक मुरडतो आणि कॅन्ससच्या गोळ्यात निरागसता शोधतो. मग ती निरागसता गोळ्यात आहे, की अंतरात? यावर माझं उत्तर इतकंच होतं की जो कणेरीला मनापासून जातो त्याला कॅन्ससलाही जायचा अधिकार आहे. हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं.

ते पुरेनासं झालं ते सुतळीच्याच मागे गेल्यावर. ही सुतळी ज्यूटची नव्हे, घायपाताच्या जातीच्या झाडांपासून काढलेल्या तंतूची. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ च्या सुमारास कापलेल्या गव्हाच्या पेंढीला आपोआप गाठ मारणारं यंत्र बसवलं. पक्ष्याच्या चोचीसारखा एक लोखंडी तुकडा दोरीचा फास फिरवतो आणि टोक ओढून घेतो. त्या चोचीमुळे अमेरिकेची गव्हाची शेती झपाट्याने वाढली आणि सुतळीची मागणी अफाट झाली. ती भागवली मेक्सिकोच्या युकातान प्रांताने. तिथल्या मळ्यांवर माया लोक कर्जाने बांधले गेलेले होते, बापाचं कर्ज मुलाच्या माथी येत होतं, आणि उत्तरेकडच्या सोनोरातून याकी लोकांना पकडून तिथे मजुरीला आणलं जात होतं. जॉन केनेथ टर्नर हा अमेरिकन पत्रकार श्रीमंत गुंतवणूकदाराचं सोंग घेऊन तिथे गेला आणि १९१० च्या सुमारास त्याने ते जगापुढे मांडलं. मळेमालकांनी त्या पैशातून मेरिदा शहरात हवेल्या बांधल्या. आज पर्यटक त्या बघायला जातात.

स्टोबरने गुंडाळायला घेतलं तोवर तो काळ सरला होता, आणि त्याच्या हातातल्या सुतळीवर त्या मळ्यांचा दोष लादणं अन्यायाचं होईल. तरी कॅन्ससच्या शेतकऱ्याच्या घरी सुतळी इतकी स्वस्त आणि इतकी भरपूर का झाली की उरलेले तुकडे गोळा व्हावेत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर युकातानमध्ये आहे. गोळा ते सांगत नाही. मी वर म्हटलं की तो हिवाळ्यांबद्दल, एकटेपणाबद्दल, हातांच्या सवयीबद्दल बोलतो. ते मला अजून खरं वाटतं. पण तो ज्याबद्दल गप्प आहे ते एखाद्या कंटाळवाण्या संग्रहालयात, काचेआड, तारखांसकट मांडलेलं असतं, आणि तेच संग्रहालय सोडून इकडे यावं असं मी म्हणत होतो.

मग शेडच्या खांबाला एक पाटी लावावी का, ॲपलबीची, युकातानची? पाटी आली की गोळा बघायची वस्तू न राहता वाचायची वस्तू होईल, आणि पाहुण्याच्या डोळ्यांचं काम पुन्हा दुसऱ्याने करून टाकलेलं असेल. शिवाय त्या गावाने स्वतःच्या हातांनी सत्तर वर्षं वाढवलेल्या गोष्टीवर दूरच्या गुन्ह्याचा शिक्का मारणारे आपण कोण? आणि पाटी नको म्हटलं, तर पाहुणा चार हात सुतळी गुंडाळून, हाताला लागलेले तंतू झटकून, प्रसन्न मनाने गाडीत बसेल आणि हा देश आपल्याला जवळून कळला असं समजेल. पाटी नको असं म्हणायला माझं मन ओढतं. ते गोळ्यावरच्या प्रेमामुळे ओढतं, की त्याच्या मागचा डोंगर बघायचा नाही म्हणून, हे मला सांगता येत नाही.