चिंचोके आणि एकवीस

पत्त्यांचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून आरंभीच सांगून टाकतो: आमच्या हॉस्टेलात पैसे लावून कोणी खेळत नाही. आम्ही चिंचोके लावतो. खेळाचे नाव ब्लॅकजॅक. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. ओलांडली की मेलात. पाने वाटणाऱ्याला स्वतःची मर्जी नसते. सोळापर्यंत पान घ्यायचे आणि सतराला थांबायचे, एवढेच त्याचे काम. एडवर्ड थॉर्प या अमेरिकन गणितज्ञाने १९६२ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की, गेलेली पाने ध्यानात ठेवली तर कॅसिनोवरही मात करता येते. पण ही मात इतकी बारीक, की ती पदरात पडायला हजारो डाव खेळावे लागतात.

स्पर्धेची तऱ्हा निराळी. सर्वांना सारखे चिंचोके, डाव ठरलेले, आणि शेवटी ज्याचा ढीग मोठा तो पुढच्या फेरीत. तेव्हा वाटणाऱ्याला हरवून भागत नाही. शेजारच्या भिडूपुढे जावे लागते. समजा, शेवटचा डाव आहे. माझ्याजवळ ९०० आणि त्याच्याजवळ १००० चिंचोके. त्याने आधी ३०० लावले. आता मी किती लावावे? घाबरट मनुष्य दहा लावील, शूर मनुष्य सगळे. मी १९० लावतो. दोघेही हरलो तर त्याचे ७०० उरतात आणि माझे ७१०! हरूनही मी पुढे. ब्लॅकजॅकमध्ये जिंकण्यापेक्षा हरण्याचेच डाव अधिक असतात, म्हणून ही युक्ती वाटते त्याहून जास्त वेळा लागू पडते. मात्र तीसाठी बोली शेवटी करायला मिळाली पाहिजे, आणि शेवटच्या डावात ती पाळी कोणावर यावी हे पुन्हा नशीबच ठरवते.

अमेरिकेत २००६ साली ‘अल्टिमेट ब्लॅकजॅक टूर’ टेलिव्हिजनवर दाखवली गेली. तिच्यात तीस डाव असत. पण आठव्या, सोळाव्या आणि पंचविसाव्या डावानंतर सर्वांत लहान ढीगवाला बाहेर. म्हणजे शेवटचा डाव एक नव्हे, चार! हिशेबाला जागा वाढली खरी, पण आठच डावांत एखाद्याची पाने रुसली तर त्याची हुशारी काय कामाची? शिवाय प्रत्येकाला एकदा गुप्त बोली करण्याची मुभा होती. ही मला फार आवडली. मागून बोलणाऱ्याचा तोरा तिने उतरतो.

माझ्या खोलीतला सोबती या विद्येत तरबेज आहे. आम्हा सहाजणांत लागोपाठ चार रविवार तोच पहिला. आता पणजीला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर बसायचे त्याने मनात घेतले आहे, तेही घरून परीक्षेच्या फीसाठी आलेल्या पैशांवर. पण तेथल्या नेहमीच्या टेबलावर शेजारी बसलेला कोण जिंकतो नि कोण हरतो, याच्याशी आपला काही संबंध नसतो. समोर असतो तो फक्त वाटणारा, आणि तो कधी चुकत नाही.

मी त्याला एवढेच विचारले, “काय रे, तिथे १९० लावून हरलास, तर कुणाच्या पुढे जाशील?”

तो गप्प बसला. फी भरायची शेवटची तारीख शुक्रवारची आहे. पैसे अजून त्याच्या ट्रंकेतच आहेत.