मालकाचे नाव

१.
तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं. चौथ्याने सीटवर पोतं अंथरलं आणि मीटर टाकलं.

२.
दवाखान्याच्या फॉर्मवर पहिलाच रकाना: मालकाचे नाव. वॉचमनकाका या कुत्रीला राणी म्हणतात, मुलं ब्राऊनी, तळमजल्यावरचे आजोबा 'ए'. मी रकान्यात सोसायटीचं नाव लिहिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सोसायटी सही कशी करणार?"

३.
तिच्या कानाचं टोक कापलेलं आहे. नसबंदी झाल्याची खूण. सरकारदरबारी एवढीच नोंद.

४.
गाडीने उडवलं, पण अंगावर धड खरचटलेलंही नाही. आत मात्र छाती आणि पोट यांमधला पडदा फाटलेला. यकृत, आतडी वर सरकलेली, फुप्फुसाला फुगायला जागा नाही. म्हणून ती आडवी होत नाही. पुढचे पाय फाकवून बसून राहते, बसल्या बसल्या पेंगते. डॉक्टर म्हणाले, आधी ऑक्सिजनवर स्थिर करू, मग ऑपरेशन. पोट उघडलं की तिचा तिला श्वास घेता येणार नाही, आपल्याला द्यावा लागेल. खर्च अंदाजे ३८,०००. आज डिपॉझिट १५,०००.

५.
वर्गणीसाठी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. उत्तर आलं, "बरी दिसतेय की!"
मग एक्सरे टाकला. कोणाला काही कळलं नाही, पण पैसे यायला लागले.

६.
गणपतीची वर्गणी देताना कोणी एक्सरे मागत नाही.

७.
मागच्या महिन्यात 'कुत्री उचलून न्या' या महापालिकेला दिलेल्या अर्जावर ज्यांची पहिली सही होती, त्यांचे ५०० आले. सोबत टीप: 'फक्त ऑपरेशनसाठी. खाण्यासाठी वापरू नयेत.'

८.
प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड: १० ते ५० रुपये.

९.
एका इंजेक्शनची पावती: ६४०.

१०.
जून १८३२. भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी रस्त्यावर उतरले. दंगल झाली.
१८८३. परळला प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, बाई सकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं. अजून चालू आहे.
मधे ५१ वर्षं.

११.
डॉक्टरांनी विचारलं, वेळ पडली तर रक्त देणारा कुत्रा आहे का?
हे मला नवीन नव्हतं. जून २०२४ मध्ये रतन टाटांनी इन्स्टाग्रामवर मुंबईकरांकडे मदत मागितली होती, त्यांच्या रुग्णालयातल्या सात महिन्यांच्या कुत्र्यासाठी. ज्यांच्याकडे पैसे मागायला लोक रांग लावत, ते रक्त मागत होते. दात्याला अटीही होत्या: वय १ ते ८ वर्षं, वजन साधारण २५ किलो किंवा जास्त, लसी पूर्ण.
आमच्या इमारतीत या अटींत बसणारा एकच, तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रॅडॉर. त्याच्या घरच्या काकू म्हणाल्या, "देईल हो तो, पण त्याला सुई बघवत नाही." पैसे मात्र त्यांनी दुप्पट पाठवले. रक्त लागलं नाही.

१२.
"करसवलतीसाठी ८०जी ची पावती मिळेल का?" रक्कम: १५१.

१३.
ऑपरेशन अडीच तास. बाहेर बाकावर आम्ही चौघं. आठ वर्षं एका जिन्यात राहतो. एकमेकांची आडनावं त्या दिवशी विचारली.

१४.
भूल उतरल्यावर ती आडवी झोपली. एका कुशीवर, पाय ताणून. इतकी गाढ, की आम्ही नर्सला बोलावलं.

१५.
हिशेब टाकला. जमा ४१,३५१. खर्च ३८,२११. शिल्लक ३,१४०. मते अशी: परत द्या. खाऊ आणा. पुढच्या कुत्र्यासाठी ठेवा. 'पुढच्या' या शब्दावर दोघांनी ग्रुप सोडला.

१६.
पैसे माझ्याच खात्यात आहेत. परवा दूधवाल्याला ऑनलाइन दिले आणि शिल्लक बघून दचकलो. त्यातले २८० तिचे गेले होते. पगार झाल्यावर वहीत 'भरले' असं लिहिलं. कोणाला कोणी भरले, ते लिहिलं नाही.

१७.
फॉर्मवर सही शेवटी मीच केली. आता दवाखान्यातून मला मेसेज येतात: 'आपल्या लाडक्या सोसायटीच्या लसीची वेळ झाली आहे.' नाव आणि मालक यांची कुठेतरी अदलाबदल झालेली दिसते.

१८.
टाके शनिवारी काढायचे. पोतं धुऊन वाळत घातलंय.