उसना गळा

आमच्याकडं कुणाच्या घरी लग्न आहे हे पत्रिकेच्या आधी भोंग्यावरनं कळायचं. लिंबाच्या शेंड्याला दोन कर्णे पाठीला पाठ लावून बांधलेले दिसले, की बायका म्हणायच्या, "हळद लागली बघा." ते कर्णे आमच्या आण्णांचे असायचे.

आण्णांचा जोडधंदा लाऊडस्पीकरचा. माणदेशातली चार एकर कोरडवाहू जमीन. पाऊस झाला तर बाजरी, न्हाईतर धुरळा. घर चालायचं ते लग्नसराईवर. बैलगाडीत मशीन, बॅटरी, वायरींची भेंडोळी, कर्णे आणि एक हिरवी लोखंडी पेटी. पेटीत रेकॉर्डी. दीड-दोनशे तरी असतील. आण्णा तिसरी शिकलेले, इंग्रजी अक्षर वाचता येत न्हवतं, पण अंधारात हात घातला तरी हवी ती रेकॉर्ड वर यायची. कुणाचा कागद फाटलेला, कुणाच्या कडेला टवका, अशा त्यांच्या खुणा. हळदीला एक, नवरदेव पारावर आला की एक, जेवणाच्या पंगतीला चार-पाच. पाठवणीला मात्र एकच, ठरलेली. 'नीलकमल' सिनेमातलं 'बाबुल की दुआएं'. १९६८ सालचं, साहिरनं लिहिलेलं, रवीनं चाल बांधलेलं, महंमद रफीनं गायलेलं. हिंदीचा एक शब्द न कळणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा त्याचे पहिले सूर लागले की पदर डोळ्याला लावायच्या. आई म्हणायची, "ह्यांनी ती रेकॉर्ड लावली, की पोरगी न्हवं, सारा मांडवच सासरी निघालाय असं वाटायचं."

हे मला आईकडूनच ठाऊक. मला कळायला लागलं तेव्हा रेकॉर्डी पेटीत आणि पेटी माळ्यावर गेली होती. पिना मिळेनाशा झाल्या होत्या, गाडीच्या हिसक्यानं रेकॉर्डी तडकायच्या, आणि लोकांना नवी गाणी हवी होती. १९८४-८५ च्या सुमारास आण्णांनी टेप घेतला. एसटी स्टँडाबाहेर हातगाड्यावर कॅसेटी मिळायच्या, निम्म्याहून कमी भावात. त्यातलीच एक पाठवणीची. वर नटलेल्या नवरीचं चित्र आणि आत सगळी रडवणारी गाणी. पहिलं 'बाबुल की दुआएं'.

मी त्या कॅसेटीवर वाढलो. झाडावर चढून कर्णे बांधायचं काम माझं आणि वरातीत पुढं बसायचा मानही माझा. दिवसभर गाणी वाजवणाऱ्याच्या घरात रेडिओ बातम्यांपुरता आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमापुरता लागायचा. त्यामुळं माझ्यासाठी ते गाणं म्हणजे ती कॅसेट. एकदा टेपानं तिची पट्टी खाल्ली. पट्टीचा सगळा गुंता बाहेर आला. आण्णा हताश होऊन बसले. तेव्हा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी असलेली आक्का पुढं झाली. तिनं पेन्सिल घालून पट्टी मागं घेतली, चुरगळलेला बोटभर तुकडा कात्रीनं कापला आणि दोन टोकं आपल्या नेलपॉलिशनं चिकटवली. त्या दिवसापासून दुसऱ्या कडव्यात गाणारा एका ठिकाणी अडखळायचा. अर्धा शब्द गिळायचा आणि पुढं जायचा. पंचक्रोशीतल्या पोरी त्या अडखळण्यासकट सासरी गेल्या. कुणाची तक्रार आली न्हाई.

१९८९ च्या मे महिन्यात आक्काचं लग्न निघालं. त्याच्या आधी दोन महिने मिरजेकडचा एक माणूस आमच्या दारात आला. जुन्या रेकॉर्डी विकत घेत फिरायचा. आण्णांनी माळ्यावरची पेटी खाली घेतली. तो मोजत होता आणि आण्णा दुसरीकडं बघत होते. पेटी आणि रेकॉर्डी वाजवायचं यंत्र, दोन्ही गेलं. आलेल्या पैशात नवऱ्या मुलाचा पोशाख आणि मांडवाचं भाडं भागलं. मी एक गोष्ट पाहिली होती. तो माणूस यायच्या आधी आण्णांनी पेटीतनं एक छोटी रेकॉर्ड काढून घोंगड्याच्या घडीत सारली होती. कुणाला बोलले न्हाईत, मीही बोललो न्हाई.

लग्न दारातच झालं. दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नात मशीनजवळ बसणारा माणूस आपल्या लेकीच्या लग्नातही तिथंच बसला. मानपान, रुसवेफुगवे चुलत्यांनी सांभाळले. पाठवणीची वेळ आली, आक्का दाजींच्या मागनं गाडीकडं निघाली आणि आण्णांनी ती कॅसेट लावली. पण आवाज बारीक. एरवी शेजारच्या गावाला ऐकू जाणारं गाणं त्या दिवशी मांडवाच्या मेढीपर्यंतही पोचेना. कुणीतरी ओरडलं, "आण्णा, वाढवा की आवाज, लेक तुमची हाय!" आण्णांनी मान खाली घातली ती वर केली न्हाई. मला वाटलं, रडतायत. सगळ्यांनाच तसं वाटलं.

पुढं मी कोल्हापूरला कॉलेजला गेलो. वसतिगृहाच्या खोलीत माझ्या जोडीदाराचा ट्रान्झिस्टर असायचा आणि सकाळी विविध भारती. एका सकाळी मी दात घासत होतो आणि ते गाणं लागलं. मी थबकलो. चाल तीच, शब्द तेच, पण गाणारा दुसराच. दुसऱ्या कडव्यात तो अडखळला न्हाई. मी जोडीदाराला म्हणालो, "कुणीतरी बिघडवलंय रे गाणं." तो पांघरुणातनं तोंड काढून बघतच राहिला. "येड्या, रफी हाय त्यो. तू आजवर काय ऐकत हुतास?"

त्या दिवाळीला घरी गेल्यावर आण्णांना विचारलं. ते वैरण तोडत होते. हात न थांबवता म्हणाले, "ठावं हाय मला. पयल्या दिशी लावली तवाच कळलं. त्यो रफी न्हवं."

"मग वाजवलीत कशाला?"

"लोकांस्नी गाणं पायजे हुतं. आन ते माझ्याच्यानं सवस्तात व्हत हुतं."

जरा वेळानं आपणहून बोलले. "आक्काला तेवढी खरी रेकॉर्ड लावायची हुती. ठिवलीबी हुती. पर रेकॉर्ड ठिवून काय करतूस, वाजवायचं यंत्रच दिऊन बसलो."

मग मला त्या दिवशीचा बारीक आवाज कळला.

पुढं या कॅसेटींचं गौडबंगाल उलगडलं. त्यात चोरी असायलाच हवी असं न्हाई. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच तशी सोय होती. मूळ मालकाला आधी कळवायचं, ठरलेला मोबदला भरायचा आणि तेच गाणं दुसऱ्या गळ्यातनं गाऊन घेऊन विकायचं. जुन्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका बहुतेक एचएमव्हीकडं. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं जुनी गाणी नव्या गळ्यांतनं गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटी खेड्यापाड्यांत पोचवल्या. बाकीच्यांनीही तो रस्ता धरला. अनुराधा पौडवालांनी लताबाईंची गाणी गायली, कुमार सानूनं किशोरकुमारची. सोनू निगमचं नाव तर आधी रफीच्या गाण्यांनीच झालं. यांची नावं तरी लोकांना कळली. आमच्या पाठवणीच्या कॅसेटीवर गाणाऱ्याचं नावच न्हवतं. मी भिंग लावून पाहिलंय. सिनेमाचं नाव होतं, गाण्याचं होतं, त्याचं न्हवतं. २०१२ साली कायदा बदलला आणि अशा गाण्याच्या वेष्टनावर ते नव्यानं गायलेलं आहे असं छापणं सक्तीचं झालं. मूळ गायकाचं नाव किंवा चित्र टाकायलाही बंदी आली. तोवर आमच्याकडच्या कॅसेटी उकिरड्यावर गेल्या होत्या आणि पोरं त्यांच्या पट्ट्या शेतात पाखरं उडवायला बांधत होती.

आण्णांना उसनवारीचा राग न्हवता, हेही मला हळूहळू समजलं. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. भजनाच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढं कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याचं नाव असायचं. पांडुरंगाचं पद आणि चाल नाचाच्या गाण्याची. कुणाला त्यात वावगं वाटत न्हवतं. संगीत नाटकांचीही तीच रीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ची छापील प्रत उघडली तर पदांवर चाली नोंदलेल्या सापडतात. १८८२ सालच्या त्या नाटकातल्या कितीतरी चाली आधीच्या पदांच्या, काही थेट कानडी मुलखातल्या. लोक मात्र त्यांना अस्सल मराठी समजून डोलत आले. सिनेमावाल्यांनी तर दर्याही ओलांडला. 'छाया' सिनेमातलं तलत आणि लताबाईंचं गाजलेलं गाणं मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवर उभं आहे आणि 'बॉबी'तलं कोळीवाड्याच्या थाटाचं गाणं ऐकून गोव्याची माणसं हसतात. कारण ती त्यांची पिढ्यानपिढ्यांची देखणी. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणून कवटाळतो, त्याच्याही मागं कुणीतरी असतो.

हे मी एकदा आण्णांना रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाल उसनी घ्यावी, लेका. बी-बियाणं, बैल, समदं उसनं घेतूच की आपण. पर कुणाचं हाय ते सांगावं. मी आक्काला सांगितलं न्हाई."

परवाच्या भाऊबिजेला मी ते निस्तरायचं ठरवलं. कोल्हापूरच्या एका मित्राकडं रेकॉर्ड वाजवायचं नवं यंत्र आहे. अलीकडं त्याचा पुन्हा शौक आलाय. ते मागून आणलं. आण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत, एका कानाला यंत्र आहे. घोंगडं तेच, रेकॉर्ड तीच. कागद पिवळा पडलेला. ओवाळणं झाल्यावर मी आक्काला सोप्यात बसवलं आणि आण्णांना म्हटलं, "लावा."

त्यांचा हात थरथरत होता, पण सुई बरोब्बर कडेला टेकली. आधी खरखर आली, मग रफी. आण्णांनी डोळे मिटले. माझ्या पोरांनी मोबाईल खाली ठेवले. गाणं संपेपर्यंत कुणी बोललं न्हाई. सुई फिरत राहिली, ती आण्णांनी उचलली आणि आक्काकडं वळून म्हणाले, "ही खरी. तुझ्या लग्नात ही लावायची हुती. जमलं न्हाई मला."

आक्काचे डोळे कोरडे होते. ती जरा अवघडली. वडिलांनी पस्तीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट होती ती, हे तिला कळत होतं. "लई ग्वाड हाय, आण्णा," ती म्हणाली. मग न राहवून म्हणाली, "पर मधी ते अडकायचं न्हाई का? ते मी चिकटवल्यालं?"

आण्णा काही बोलले न्हाईत.

"गाडीत बसले तवा माझं ध्यान तिथंच हुतं," ती म्हणाली. "म्हटलं, आता अडकंल, आता अडकंल. अडकलं, आन मग मला रडू आलं. पयल्या साली सासरी जात्यावर, न्हाईतर भाकरी थापताना, मी त्येच गुणगुणायची. त्या जागंला मीबी थांबायची. सासूबाई म्हनायच्या, ह्या पोरीला गानं धड येत न्हाई."

ती हसली, आम्हीही हसलो, आणि ती चहा टाकायला आत गेली. मी रेकॉर्ड कागदात घालून आण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली.

रफी थोर आहे हे मला कुणी सांगायला नको. आता मी त्याचंच गाणं ऐकतो. पण आमच्या पंचक्रोशीतल्या पोरी ज्याच्या आवाजात सासरी गेल्या तो कोण होता, दिवसाच्या मजुरीवर कुठल्या खोलीत उभा राहून त्यानं ते गायलं, घरी त्याची लेक होती का, हे मनात येतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का निघाली. दाजींनी मोटार सुरू केली. आण्णा पायरीवर उभे होते. गाडी वळणाआड गेल्यावर बराच वेळ ते तसेच थांबले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"ती कॅसेट हाय का रं कुठं?"