मुद्दाम चढवलेला गंज

"तू नक्की काय काम करतेस गं?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "धातूंना मुद्दाम गंजवते." लोक हसतात. पण धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढवायचा म्हणजे दुसरं काय?

कृती तशी सोपी. टायटॅनियमची पट्टी सौम्य आम्लात बुडवायची, तिला प्लसची तार जोडायची, मायनसला दुसरा धातू. पाण्यातला ऑक्सिजन टायटॅनियमला जाऊन मिळतो आणि वर ऑक्साइडचा थर धरतो. दर व्होल्टला साधारण २ नॅनोमीटर, बस्स! मग तो थरच विजेला अडवतो, प्रवाह उतरत जातो आणि वाढ थांबते. आणखी जाड हवा असेल तर व्होल्ट वाढवायचे. आणि रंग काय सुरेख येतात... आधी सोनेरी, मग जांभळा, २५-३० व्होल्टला निळा. रंग म्हणून काही घातलेलं नसतं हं, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा प्रकाशाचा खेळ. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. आपला काळा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कुकर याच घराण्यातला, फक्त धातू अ‍ॅल्युमिनियम.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आई. ती पडली आणि मांडीच्या हाडात टायटॅनियमची पट्टी नि स्क्रू बसले, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण ती पाय टेकवेना. "धातूच ना तो? आत गंजला तर?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, लोखंडाचा गंज भुसभुशीत. त्याचे पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. टायटॅनियमचा थर घट्ट चिकटून बसतो. नुसत्या हवेतही तो आपोआप येतो, ओरखडा पडला तर लगेच भरून निघतो. अंगातल्या खारट पाण्याला तोच अडवून धरतो. शिवाय बरेचसे स्क्रू मापाप्रमाणे ओळखता यावेत म्हणून असेच रंगवलेले असतात.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "माझे निळे असू देत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःहून वॉकर मागितला.

इतक्या वर्षांत माझं काम घरात पहिल्यांदाच कामाला आलं!

असो. मावशी, आता फोनवर तिला उगाच घाबरवू नकोस. रोज तीन फेऱ्या चालू आहेत.