एक डोळा झांकून

इंग्रजींत ज्या विकाराला 'लेझी आय', म्हणजे आळशी डोळा, असें म्हणतात, त्याचें बारसें एखाद्या शाळामास्तरानें केलें असावें असा माझा दाट संशय आहे. मुलाला गणित येत नाहीं याचीं दहा कारणें असूं शकतात; पण 'आळशी' म्हटलें कीं मास्तरांची चौकशी संपते. प्राध्यापकांतहि हा शब्द लोकप्रिय आहे. गेल्या वर्षीं माझ्या चार वर्षांच्या नातीच्या डाव्या डोळ्याला हें विशेषण लागलें, तेव्हां त्याची उलटतपासणी करणें मला भाग पडलें, आणि तें सर्वस्वी अन्यायाचें आहे अशा निर्णयाला मी आलों. ग्रीक शब्दांवरून बनविलेलें 'अँब्लिओपिया' हें शास्त्रीय नांव त्यापेक्षां प्रामाणिक आहे. त्याचा अर्थ 'बोथट दृष्टि' एवढाच.

दोन डोळ्यांचे नंबर फार भिन्न असले, किंवा एक डोळा तिरळा असला, तर मेंदूकडे न जुळणारीं दोन चित्रें जातात. आणि वाढत्या वयाचा मेंदू त्यांतील अडचणीच्या चित्राकडे चक्क काणाडोळा करतो. (हा वाक्प्रचार आपल्या भाषेनें जणुं याच रोगासाठीं घडवून ठेवला होता!) डोळ्याचा पडदा बहुधा निरोगीच असतो, त्याचें ऐकणारा कोणी उरत नाहीं. शंभरांत दोन-तीन मुलांना हा विकार असतो, आणि डोळा तिरळा नसेल तर घरच्यांना त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मूल तक्रार करील कशी? एका डोळ्यानें त्याचें छान भागत असतें, आणि सर्व जगाला असेंच दिसतें अशी त्याची समजूत असते. आमच्या नातीचें गुपित बालवाडींतील तपासणींत फुटलें. डावा डोळा झांकला तेव्हां तिला कांहींच वाटलें नाहीं. उजव्यावर हात ठेवतांच ती रडकुंडीस आली. चित्रांच्या तक्त्यावर डावा डोळा ६/२४ वर अडला.

चष्मा आला. नुसत्या चष्म्यानेंहि कित्येकांना गुण येतो, म्हणून प्रथम कांहीं महिने तेवढ्यावरच थांबतात. पण तिची गाडी ६/१८ च्या पुढें सरकेना, तेव्हां चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास चिकटपट्टी लावावयाची असें ठरलें. "दुखणें डाव्याला आणि शिक्षा उजव्याला, हा कुठला न्याय?" असा आमच्या सौभाग्यवतींचा वकिली सवाल. त्यावर घरांतील वृद्ध आत्याबाईंनीं निकाल दिला, "मोठी झाली कीं होईल आपोआप बरें." हा निकाल पुष्कळ घरांत दिला जातो, आणि तो घातक आहे.

१९६० नंतरच्या दशकांत डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल यांनीं मांजराच्या नवजात पिलांचा एक डोळा सुमारें तीन महिने शिवून बंद ठेवला. पुढें तो उघडला तेव्हां मेंदूंतील दृष्टीच्या भागांत त्याला दाद देणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. प्रौढ मांजराचा डोळा मिटून ठेवला तरी असें घडलें नाहीं. १९८१ सालीं त्या दोघांना नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. पिलांना काय मिळालें हें विचारूं नये. उपचार शक्यतों सातव्या वर्षाच्या आंत करावा असें डॉक्टर सांगतात तें यामुळें. त्यानंतर दार धाडकन् बंद होतें असें नाहीं. सात ते बारा वर्षांच्या कित्येक मुलांनाहि गुण येतो असें अमेरिकेंतील २००५ च्या एका पाहणींत दिसून आलें. पण 'आपोआप' कांहींच होत नाहीं.

पट्टी हें नवें खूळहि नव्हे. फ्रान्समधील ब्यूफाँ यानें ती १७४३ सालींच सुचविली होती. नवें आहे तें तिचें माप. पूर्वीं दिवसदिवस डोळा झांकून ठेवीत. मध्यम प्रतीच्या विकारांत दोन तासांनीं सहा तासांइतकाच गुण येतो, हें २००३ सालीं सिद्ध झालें. पट्टी मुळींच न सोसणाऱ्या मुलाच्या चांगल्या डोळ्यांत ॲट्रोपिनचे थेंब घालून त्याला जवळचें अंधुक दिसेल असें करतात. हें द्रव्य आपल्या धोतऱ्यांतहि असतें. घरगुती प्रयोग मात्र कोणीं करूं नये, तो विषाचा खेळ आहे.

दोन तास! कागदावर हा आंकडा किती लहान दिसतो! पहिल्या दिवशीं पोरीनें पट्टी सात वेळां उपटली. दुसऱ्या दिवशीं ती जिन्याच्या पायऱ्या पायानें चांचपीत उतरली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, माझा हा डोळा खोटा आहे का?" मीं जन्मभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं आहेत, पण या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वीं मला चष्मा पुसावा लागला. मग तिच्या बाहुलीलाहि पट्टी लागली. चार ते सहा ही वेळ ठरली. या वेळांत मणी ओंवावे, चित्रें रंगवावीं असें कोणी सांगतात. पण दूरचें पाहण्यापेक्षां त्यानें अधिक गुण येत नाहीं असें २००८ च्या प्रयोगांत आढळलें, म्हणून मीं तिला खुशाल गच्चीवर पतंग पाहूं दिले.

चार महिन्यांनीं डावा डोळा ६/१२ वाचूं लागला आहे. पट्टी सुटल्यावर सुमारें चौथा हिस्सा मुलांचा डोळा पुन्हा मागें हटतो, म्हणून तपासण्या चालूच राहतील. पुढची चैत्रांत आहे. आत्याबाई त्या दिवशीं स्वतः बरोबर येणार म्हणतात.